पिस्तुलाचं माप

“ह्याला चप्पल करून पाहिजे,” असं म्हणत त्या बाईनं पिशवीतनं पिस्तूल काढलं आणि माझ्या पाटावर, चपलेच्या अर्ध्या विणलेल्या वेणीशेजारी ठेवलं. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. त्या सुपासकट मागं सरकल्या.

मी जागची हलले नाही. धीट होते म्हणून नाही, पायाला मुंग्या आल्या होत्या म्हणून.

“घाबरू नका वहिनी. सर्कशीतलं आहे, नुसता बार काढतं,” बाई म्हणाली. “चप्पल म्हणजे गमतीनं म्हटलं हो. कमरेला लावायचं म्यान पाहिजे, कातड्याचं. कुणीतरी सांगितलं, ह्या गल्लीत कातड्याचं काय वाट्टेल ते होतं.”

“होतंय की,” आत्याबाई आतनंच म्हणाल्या. “पण करणारा जतच्या जत्रेला गेलाय चपला घेऊन. शनवारी येतोय.”

“मला शुक्रवारी पाहिजे.”

“मग नाही होणार,” मी म्हटलं आणि आरी परत हातात घेतली.

मी खोटं बोलत नव्हते. आमच्यात कातडं कापायचं काम गड्यांचं. बायकांनी वेण्या विणायच्या, गोंडे करायचे, टाके घालायचे. लग्न होऊन मला एवढी वर्षं झाली, कोल्हापुरात आमच्या दुकानाला नाव होतं, पण रापी, म्हणजे आमची कापायची सुरी, माझ्या हातात कधी कुणी दिली नव्हती आणि मी मागितलीही नव्हती. नवरा, गणपा, घरात नसला की कापणं बंद. असं चाललं होतं.

बाई गेली नाही. उलट उंबऱ्यावर बसली. अंगानं काटक, केस मागं चापून बांधलेले, अंगावर साधं फुलांचं पातळ आणि पायांत मात्र कॅनव्हासचे बूट. मैदानात सर्कशीचा तंबू पडला होता आणि चौकाचौकात तिचे बोर्ड लागले होते. तसल्या एका बोर्डावरची बाई आपल्या उंबऱ्यावर बसलीय, हे मला जरा वेळानं कळलं.

“तुम्ही झुल्यावरच्या का? मिस रोझी?”

“तीच. नाव हौसा. सांगोल्याकडची.”

“सांगोल्याची रोझी,” आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांची भीती एकदम गेली. चहा टाकायला उठल्या.

चहा आला. हौसानं कप डाव्या हातानं उचलला. आत्याबाईंनी माझ्याकडं बघून नाक मुरडलं. आमच्यात डाव्या हातानं कुणी पाणीसुद्धा घेत नाही. तंबूत वाढलेली बाई, तिला कोण शिकवणार, असा त्या नाक मुरडण्याचा अर्थ होता. मी लक्ष दिलं नाही. मला त्या पिस्तुलाचंच कौतुक वाटत होतं. पोलिसाकडं असतं तसलं नव्हतं ते. इंग्रजी सिनेमाच्या बोर्डावर मोठ्या टोपीवाले गडी लावतात तसलं, लांब नळीचं, मधे फिरणारा गोल, मूठ वाकडी आणि वर अंगठ्यानं मागं ओढायचा खटका.

“दिवाळीच्या आधी झुल्यावरनं पडले,” हौसा सांगायला लागली. “जाळी होती, पण हात दोरात सापडला. मनगट मोडलं. आता प्लास्टर काढलंय, पण मॅनेजर म्हणाला, झुला बंद. आणि वहिनी, सर्कशीत काम नसलेलं माणूस ठेवत नाहीत. तेवढ्यात आमचा काउबॉय पळाला. कुट्टन म्हणून होता, दुसऱ्या सर्कशीत गेला. टोपी, पट्टा, म्यान, सगळं घेऊन गेला. घोडी राहिली आणि पिस्तूल राहिलं. मी म्हटलं, ते काम मी करते. घोड्यावर मी लहानपणापासनं बसते. मॅनेजर म्हणाला, शुक्रवारी पहिल्या खेळाला करून दाखव. पिस्तूल पडलं किंवा अडकलं, तर शनिवारी सांगोल्याची एसटी धर.”

“मग धरायची,” आत्याबाई म्हणाल्या. “सांगोल्यात काय वाघ हाय काय?”

“भावानं एक बिजवर बघून ठेवलाय. दोन बायका मेल्यात त्याच्या.” ती हसत बोलली, पण कप खाली ठेवताना बशी वाजली. “आणि आत्याबाई, मी परकर-पोलक्यात होते तेव्हापासनं तंबूत झोपते. मला छपराखाली झोप लागत नाही. वाघ परवडला. वाघाजवळ मी राहिलेली आहे.”

आत्याबाईंनी पातेल्यात राहिलेला चहा तिच्या कपात ओतला. त्यांनी परक्या बाईला दुसऱ्यांदा चहा ओतणं म्हणजे काय, ते घरातल्या माणसालाच कळणार.

“बाजारात रेक्झिनचं शिवून घेतलं होतं,” हौसा म्हणाली. “उपयोग नाही. ओढलं की पिस्तुलाबरोबर सगळा पट्टा छातीपर्यंत वर येतो. आणि घोडीच्या बाजूला उलटी लोंबकळले की आपोआप खाली पडतं.”

“म्हणजे पडायचं पण नाही आणि अडकायचं पण नाही.”

“बरोबर.”

इथंच मी फसले. कारण चपलेचंही तेच असतं. चालताना पायातनं निसटायची नाही, आणि देवळापुढं वाकायच्या आधी नुसता पाय झटकला की निघाली पाहिजे. कोल्हापुरीत ते काम अंगठा करतो, म्हणजे पायाचा अंगठा ज्यात अडकतो ती कातड्याची गोल कडी. बाईची गोष्ट ऐकता ऐकता माझं डोकं त्या खटक्याला अंगठा कसा बसवायचा ह्यातच गुंतलं होतं.

“पिस्तूल ठेवून जावा,” मी म्हटलं. “शुक्रवारी दुपारी तंबूत आणून देते.”

“शालन,” आत्याबाई म्हणाल्या, “जाडं कातडं घरात एकच हाय. गणपानं तालमीतल्या वस्तादांच्या चपलेला ठेवलंय ते.”

“वस्तादांकडं चपला ढीगभर आहेत. हिच्याकडं शुक्रवार एकच आहे.”

हे मी कुठल्या जोरावर बोलले, देव जाणे. मग एवढं बोलल्यावर मागं कसं यायचं?

मी जुना पेपर पसरला. गिऱ्हाईकाच्या पायाचं माप घेताना त्याला कागदावर उभं करतात आणि पेन्सिल सरळ धरून भोवतीनं फिरवतात. पिस्तूल उभं राहत नाही, म्हणून त्याला निजवलं. हौसानं ते डाव्या हातानं दाबून धरलं, मी पेन्सिल फिरवली. मग तिच्या कमरेचं माप सुतळीनं घेतलं.

“कुठल्या बाजूला लावणार?”

“उजव्या,” ती जराशी थांबून म्हणाली. “कुट्टन उजवीकडंच लावायचा.”

ती गेल्यावर आत्याबाईंनी पिस्तूल उचललं आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. शस्त्र जमिनीवर ठेवायचं नसतं म्हणाल्या. पुढं दोन दिवस आमच्या अंबाबाईशेजारी ते काउबॉयचं पिस्तूल होतं, आणि सकाळी त्यालाही कुंकू लागत होतं.

मग मी पहिल्यांदाच रापी हातात घेतली. गणपा कसा कापतो ते मी रोज बघत होतेच. कातडं पालथं घालायचं, मऊ तोंड खाली, खरबरीत बाजू वर. खूण नेहमी खरबरीत बाजूला करायची, म्हणजे तोंडाला पेन्सिलीचा डाग लागत नाही. मग रापी आपल्याकडं न ओढता पुढं ढकलायची. मी अगदी तसंच केलं. कागद ठेवला, खूण केली, रापी लावली. आत्याबाई पाठ करून बसल्या होत्या. जरा वेळानं कातडं सरकायला लागलं, तर दुसऱ्या टोकाला त्यांचा हात आलेला.

“बघायलाईस काय माझ्याकडं,” त्या म्हणाल्या. “काप.”

कापून झालं. घडी घातली, आरीनं भोकं पाडली, मागं पट्टा ओवायला जागा ठेवली आणि कडेनं मेणाच्या दोऱ्याचे टाके घातले. टाके माझ्या हातातलंच काम, तिथं मला कुणाला विचारायचं नव्हतं. मग सगळं पाण्यात भिजवलं. बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं भिजलं की कणकेसारखं ऐकतं. पिस्तुलाला तेलकट फडकं गुंडाळलं, ते आत घातलं आणि लाकडी दांड्यानं बाहेरनं दाबत राहिले. आधी नळी दिसायला लागली, मग तो गोल, मग चापाभोवतीची कडी. आत्याबाई कंदील पुढं करून बघत होत्या. एखाद्याचा चेहरा ओळखीचा वाटावा तसं त्या कातड्यात पिस्तूल दिसायला लागलं. मग ते सावलीत वाळायला टांगलं, कारण उन्हात कातडं आक्रसतं.

वाळत होतं तोवर मी अंगठा केला. बकऱ्याच्या कातड्याच्या बारीक वाद्या काढून गोल वेणी विणली. ती म्यानाच्या तोंडाशी अशी बसवली की पिस्तूल आत गेलं की कडी वरच्या खटक्यावर चढते. पिस्तूल आतच राहतं. अंगठ्यानं कडी उडवली की मोकळं. म्यान हातात धरून मी उलटं केलं, हलवलं, आपटलं. पिस्तूल जागचं हललं नाही. कडी उडवली आणि ओढलं, तर असं अलगद आलं की मी स्वतःशीच हसले.

कमरेला मात्र लावून बघितलं नाही. आता तुम्ही म्हणाल, एवढं केलं आणि ते का नाही केलं? अहो, चप्पल करणारा गिऱ्हाईकाची चप्पल कधी आपल्या पायात घालून बघतो काय? ज्याचं माप, त्यानंच पहिल्यांदा घालायची. आमच्यात ती रीत आहे. माझ्या ते मनातसुद्धा आलं नाही.

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघी तंबूत गेलो. आत्याबाईंना खरं तर हत्ती बघायचा होता, पण त्या म्हणत होत्या की सुनेला एकटी कशी पाठवायची. मागच्या बाजूला, घोडी बांधली होती तिथं हौसा उभी होती. लाल शर्ट, विजार, डोक्यावर मोठी टोपी. शेजारी मॅनेजर धनवडे. गळ्यात शिट्टी, कपाळाला आठ्या.

“आणलं?” हौसानं विचारलं, आणि मी फडकं सोडलं.

तिनं ते हातात घेतलं, वास घेतला, बोटानं टाके चाचपले. मॅनेजरसुद्धा पुढं वाकला. “काम झकास आहे,” म्हणाला. मला काय वाटलं ते विचारू नका. मग हौसानं पट्टा कमरेला बांधला, म्यान उजव्या कुशीला आणलं आणि पिस्तूल आत सोडलं.

मूठ पुढं आली.

“ही मूठ पुढं कशी?” मॅनेजर म्हणाला. “मूठ मागं पाहिजे. हात खाली गेला की मुठीवर पडला पाहिजे. ही तर पोटाकडं आली. उलटं लावलंस काय गं?”

तिनं सोडून परत लावलं. मूठ पुढंच. मला सगळं कळलं होतं. कागद पालथा न घालता तसाच मी कातड्याच्या पाठीवर ठेवून कापलं होतं. उलट्या बाजूनं कापलं की वस्तू उलटी होते, उजव्याची डावी होते. चपलेत त्याची कुणाला फिकीर नसते. आम्ही नेहमी जोड कापतो. एक उलटं पडलं तर ते दुसऱ्या पायाचं होतं, वाया काही जात नाही. अख्ख्या गल्लीत एकेरी वस्तू कधी कुणी केलेलीच नव्हती. मग कागद कुठल्या अंगानं ठेवायचा, हा प्रश्न तरी कुणाला पडणार?

“माझं चुकलं,” मी म्हटलं. “हे डाव्या बाजूचं झालं.”

“डाव्या बाजूचं?” मॅनेजरचा आवाज चढला. “अहो बाई, ही काय चप्पल आहे? एक डावं, एक उजवं? खेळ तासाभरावर आलाय.”

“चपलाच करतो आम्ही. तुम्हाला दुसरं कोण मिळालं होतं काय?” मी म्हटलं. आवाज चढवून बोलले खरी, पण डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. “दुसरं करून देते. आज खेळ नको. तुम्ही म्हणाल तर पाया पडते, पण हिला दोन दिवस द्या. चूक माझी आहे, हिला कशाला त्याची शिक्षा?”

“तसले लाड आमच्यात नसतात.”

आत्याबाईंनी माझा दंड धरला. मी हौसाकडं बघितलं. ती त्या म्यानाकडं टक लावून बघत होती. मला वाटलं, आता रडणार. तिच्या जागी मी असते तर माझ्या झिंज्या धरल्या असत्या.

तिनं पट्टा सैल केला, म्यान कमरेवरनं सरकवत डाव्या कुशीला आणलं आणि परत आवळलं. मूठ मागं गेली. अगदी जागेवर.

“मी डाव्यानं करते,” ती म्हणाली.

“डाव्यानं? कुट्टन उजव्यानं करायचा.”

“कुट्टन गेला.”

“तू कधी डाव्यानं केलंयस?”

“झुल्यावर दोन्ही हात लागतात मॅनेजर. एकच चांगला असून चालत नाही.” मग माझ्याकडं हात करून म्हणाली, “ह्या बाईनं घोटाळा करून ठेवला, आता काय करणार? निभावून नेते.”

मॅनेजर शिट्टीशी खेळत उभा राहिला. “ठीक,” म्हणाला. “पण पडलं तर मी चांभाराचं निमित्त ऐकून घेणार नाही. उद्याची एसटी.”

तो गेल्यावर मी तिच्यापुढं हात जोडले. तिनं ते खाली ढकलले. “गप. काही बोलू नको,” ती म्हणाली. पहिल्यांदाच मला अगंतुगं केलं. “वर जाऊन बस. आणि टोपी कशी दिसते ते खेळ झाल्यावर सांग.”

आम्ही फळ्यांवर बसलो. हत्ती आले. एक हत्ती घंटा वाजवून गणपतीची पूजा करत होता.

“हत्ती बघ की,” आत्याबाई म्हणाल्या.

“मला हत्ती दिसत नाही.”

“एवढा मोठा दिसत न्हाई?”

“नाही दिसत.”

मी अंबाबाईला सांगत होते की बाई, दोन दिवस ते पिस्तूल तुझ्याजवळ होतं, तू बघितलंस ना, मग तू तेव्हाच का नाही बोललीस. देवाशी भांडायची माझी जुनी सवय आहे. कुणाशी तरी भांडल्याशिवाय मला धीर येत नाही.

बँड बदलला. पांढरी घोडी रिंगणात आली आणि तिच्यावर हौसा. लाल शर्ट, टोपी, डाव्या कुशीला माझं म्यान. रिंगणाच्या मधे एका फळीवर फुगे लावले होते आणि फळीमागं जोकर लपला होता. त्याची टाच बाहेर दिसत होती. पिस्तूल नुसता बार काढणार, फुगे तो टाचणीनं फोडणार. लोकांना ते माहीत होतं आणि त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

घोडी गोल पळायला लागली. सर्कशीतलं जनावर नेहमी डावीकडं वळत पळतं. त्यामुळं बसणाऱ्याची डावी बाजू रिंगणाच्या आत येते आणि उजवी लोकांकडं. हे मी तिथं बसून पहिल्यांदा बघितलं. फुगे आत होते. म्यान आतल्या बाजूला होतं. म्हणजे डाव्या हातानंच बार काढणं सोपं, पण त्या वेळी मला ते सुचलं नाही. मी फक्त ती मूठ बघत होते.

तिनं उजव्या हातानं खोगिराची वादी घट्ट धरली, एक पाय अडकवला आणि आतल्या अंगाला सरळ खाली लोंबकळली. डोकं खाली, टोपी दोरीनं लटकलेली, केस मातीवर घासत होते. पिस्तुलाची मूठ जमिनीकडं झाली. आणि पिस्तूल सरकलं. बोटभर सरकलं, मला इतक्या लांबनं दिसलं. माझा जीव त्याच्याबरोबर बोटभर खाली गेला. आणि तिथंच थांबलं, कडीनं धरलं. घोडी अख्खा फेरा पळाली, हौसा उलटी, आणि पिस्तूल जागेवर.

“आई गं,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी माझी मांडी चिमटीत धरली होती, ती खेळ संपेपर्यंत सोडली नाही.

हौसा झटक्यात वर आली, डाव्या हाताचा अंगठा कडीवर गेला, पिस्तूल बाहेर. पट्टा हलला नाही. ठो. फुगा फुटला. तिनं पिस्तूल बोटावर फिरवून परत आत घातलं, पुढच्या फेऱ्याला परत काढलं. ठो. एकदा जोकरानं बार निघायच्या आधीच फुगा फोडला आणि सगळा तंबू हसला. तिनं घोडी थांबवली, फळीमागं वाकून बघितलं आणि जोकरावर एक बार काढला. तो दोन कोलांट्या खाऊन मेला. लोकांनी फळ्यांवर पाय आपटून तंबू डोक्यावर घेतला. माझ्या शेजारचा एक म्हातारा म्हणत होता, डावखुरी आहे पोरगी, डावखुरी माणसं लई तिखट. मी त्याला काही सांगायला गेले नाही. मी रडत होते, आणि तोंडानं हसत होते, आणि आता मला हत्ती परत बघायचे होते.

मागच्या बाजूला गेलो तेव्हा मॅनेजर तिथं होताच. हौसाला काही बोलला नाही, बोर्ड रंगवणाऱ्याला बोलत होता. “मिस रोझीच्या अलीकडं ‘डावखुरी’ घाल. मोठ्या अक्षरात.” मग मला बघून म्हणाला, “बाई, चुकलात ते बरं झालं.” एवढंच. पण आम्हाला बसायला त्यानं स्वतः खुर्च्या आणून दिल्या.

तो गेल्यावर हौसानं उजवा हात माझ्यापुढं धरला.

“वळव,” ती म्हणाली.

“काय?”

“मनगट. धरून वळव.”

मी दोन्ही हातांनी धरलं. बोटं ऊबदार, पकड अशी की माझी बोटं दुखली. पण मनगट लाकडासारखं. वर नाही, खाली नाही, आत नाही, बाहेर नाही.

“प्लास्टर काढल्यापासनं असंच आहे. मूठ आवळते, पण वळत नाही. आता वळणार नाही म्हणाले डॉक्टर. मी कुणालाच सांगितलं नाही.”

“मग कमरेवरनं पिस्तूल कसं काढणार होतीस?”

“नव्हतेच काढणार. काढताच येत नव्हतं. रेक्झिनचं अडकतंय म्हणून तुझ्याकडं आले ना, त्यातलं निम्मं रेक्झिनमुळं होतं आणि निम्मं ह्याच्यामुळं.” तिनं तो हात दुसऱ्या हातानं चोळला. “मनाला म्हणत होते, म्यान चांगलं झालं की जमेल. दुपारी तू फडकं सोडलंस आणि एवढं चांगलं काम बघितलं, तेव्हाच कळलं की जमणार नाही. म्यानाला नाव ठेवायलाही जागा नव्हती.”

“अगं, मग आधीच डावं का नाही सांगितलंस?”

“मॅनेजरनं विचारलं असतं, डावं कशाला? कुट्टनचं तर उजवं होतं. आणि हात धरून बघितला असता.” ती हसायला लागली. “तुला तो ओरडत होता ना, तेव्हा मला तुझी पापी घ्यावीशी वाटत होती.”

मी तिला एक धपाटा घातला. मग आम्ही दोघी गळ्यात पडून इतक्या हसलो की घोडी कान टवकारून बघायला लागली.

“मी तवाच बघितलंतं,” आत्याबाई खुर्चीवरनं म्हणाल्या. “डाव्या हातानं चहा प्याली. पर ही सून कुठं ऐकतीया?”

शनिवारी गणपा आला. वस्तादांचं कातडं कुठाय ते विचारलं, आणि सगळं ऐकून घेतलं. मी पेपरवरची खूण दाखवली. त्यानं ती पालथी करून उजेडाला धरली, आणि त्याच्या खांद्यापासनं पोटापर्यंत सगळं हलायला लागलं, इतका तो हसला. मग डोळे पुसून म्हणाला, “एकच केलंस? जोड कुठाय?”

“जोड कशाला?”

“आपल्या घरातनं कधी एकेरी माल गेलाय काय? पुरा कर.” जतहून आणलेलं नवं कातडं त्यानं माझ्यापुढं पसरलं आणि रापी माझ्याकडं सरकवली. “आता कागद पालथा ठेव, म्हणजे झालं.”

तेव्हापासनं आमच्यात मीही कापते. वस्तादांची चप्पल मीच कापली. आत्याबाईंनी तेव्हाही दुसरं टोक धरलं होतं.

उजव्या बाजूचं म्यान मी तयार ठेवलं. सर्कस परत आली तेव्हा हौसा घरी आली आणि मी तिच्या हातात दिलं. तिनं वास घेतला, टाके चाचपले आणि माझ्याकडं परत केलं.

“तुझ्याकडंच राहू दे. मनगट वळलं की न्यायला येईन.”

त्यानंतर सर्कस आली की ती यायची. चहा डाव्या हातानं प्यायची, आत्याबाई मुद्दाम नाक मुरडायच्या, आणि निघताना ती उजवा हात माझ्यापुढं करायची. मी धरून बघायचे. “नाही अजून,” म्हणायचे. “बघू पुढच्या खेपेला,” ती म्हणायची. सांगोल्याची एसटी तिनं धरली ती फार उशिरा, भावाच्या नातीच्या लग्नाला, आणि तिथंही अंगणात खाट टाकून झोपली.

आत्याबाई आता नाहीत. सर्कसही बंद पडली. मागच्या वर्षी एका मोटारीतनं हौसा आली, केस पांढरे, काठी डाव्या हातात. दुकानात माझ्या डोक्यावर ते उजव्या बाजूचं म्यान खिळ्याला टांगलेलं होतं. गिऱ्हाइकं विचारतात, विकायचं का. मी सांगते, दुसऱ्याच्या मापाचं आहे. हौसानं चहा घेतला, उठली, काठी भिंतीला लावली आणि हात पुढं केला. मी धरला. पकड अजून तशीच होती.

“नाही अजून,” मी म्हटलं.

“मग राहू दे तिथंच,” ती म्हणाली. मी खिळ्यावरचं म्यान फडक्यानं पुसलं आणि तिला मोटारीपर्यंत सोडायला गेले.